‘फिट’ लिहिलंय ना, मग?

आज दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर कमी हजेरीवाल्यांची यादी पडली आणि माझं डोकं फिरलं. नाव, रोल नंबर, टक्केवारी, सगळं उघड्यावर. त्यात तीसुद्धा. माझ्या मेसला जेवायला असलेली पारोळ्याकडची मुलगी, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष.

दिवाळीची सुट्टी संपवून भावाच्या मोटारसायकलवर जळगावला येत होती. एरंडोल सोडलं आणि ट्रकने मागून उडवलं. भाऊ तिच्या डोळ्यांदेखत गेला. तिचा हात मोडला, तो जुळला, आणि डॉक्टरांनी ‘फिट’ लिहून दिलं. डॉक्टर हाडांचे, त्यांनी हाडापुरतं लिहिलं. त्यांचं काही चुकलं नाही.

आता कॉलेज हायवेच्या पलीकडे. जळगावकरांना हा रस्ता मी काय सांगू? इच्छादेवी चौक, प्रभात चौक, अजिंठा चौफुली, नाव काढलं की अपघातात गेलेलं कुणी ना कुणी आठवतंच. सकाळी ही कडेला उभी राहते, ट्रकचा हॉर्न वाजला की मटकन खाली बसते. कुणी ओळखीचं भेटून हात धरून पलीकडे नेईपर्यंत पहिला तास संपलेला असतो, कधी दुसराही. वर्गात कुणी बाक ओढला तरी दचकते आणि मग पुढचं काही डोक्यात शिरत नाही म्हणते. ताटात पोळीचे बारीक बारीक तुकडे करते, भाजीत कालवते, आणि तसंच ठेवून हात धुते. रात्री खोलीतला दिवा चालू.

मागच्या महिन्यात हजेरीच्या अर्जासाठी मी तिच्याबरोबर ऑफिसात गेले. खिडकीवरच्या माणसाने सर्टिफिकेट उलटून पाहिलं. “फिट लिहिलंय ना, मग यायला काय झालं?” ती हळू आवाजात म्हणाली, हॉर्न वाजला की पाय उचलत नाहीत. तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की सगळ्या रांगेने ऐकलं, “मग काय आम्ही हायवे बंद करायचा?” मागची पोरं हसली. ती ओढणीला तळहात पुसत राहिली.

तेव्हा तिच्या पिशवीत मानसोपचाराच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं होतं की झोप उडणं, दचकणं, त्या रस्त्याला टाळणं, अभ्यासात लक्ष न लागणं हे अशा अपघातानंतर होतं आणि उपचारांनी बरंही होतं. ती चिठ्ठी तिने काढली नाही. कशी काढणार? त्या खिडकीवर काढली असती तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलेजात, आणि आठवड्याभरात तिच्या गावात, ‘तिचं डोकं फिरलंय’ झालं असतं. लग्नाच्या वयाची मुलगी. आपल्याकडे लोक कसे बोलतात ते तुम्हाला माहीत आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. जुलै २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील त्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. या कॉलेजातही दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे. दाराला कुलूप. खिडकीतून डोकावले तर आत जुने बॅनर आणि मोडक्या खुर्च्या. त्या पोरीने चिठ्ठी द्यायची कुणाला, त्या खुर्च्यांना?

हो, खोटी सर्टिफिकेटं आणणारी पोरं असतात. ७५ टक्क्यांचा नियम लागतो, मान्य. पण खोट्याला पकडायचं म्हणून खऱ्याला रांगेत उभं करून सोलायचं, हे कुठलं शिक्षण? बाप गेलेला, घर जळालेलं, कुणाच्या हातून नको ते सोसलेलं पोर, सगळ्यांनी आपलं दुःख त्या खिडकीत मांडायचं, आणि ते पुरेसं आहे का हे शिक्का मारणाऱ्याने ठरवायचं?

लिहिता लिहिता तिच्या प्रॅक्टिकलच्या मॅडम आठवल्या. तासिका तत्त्वावर आहेत, त्यांचाच पगार वेळेवर होत नाही. त्यांनी तिला काहीही विचारलं नाही. दाराजवळची जागा दिली, “बाहेर जावंसं वाटलं तर जा, विचारायची गरज नाही” म्हणाल्या आणि बुडलेलं प्रॅक्टिकल दुपारच्या बॅचबरोबर करून घेतलं. त्या एका विषयात तिची हजेरी पूर्ण आहे. पाहा यादीत. याला पैसे लागले नाहीत, जीआर लागला नाही.

मला एवढंच हवंय. कॉलेजने एक माणूस नेमावा, शिकलेला, तोंड बंद ठेवणारा. दार लावून त्याने चिठ्ठी एकदाच वाचावी. खिडकीकडे फक्त ‘सवलत मंजूर’ एवढा कागद जावा, कारण लिहायचं नाही. पहिल्या तासाची बॅच बदलून द्यावी. आणि ग्रुपवरची ती यादी आजच काढावी.

मुलं बाहेरगावी शिकत असलेल्यांनी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर त्यांना देऊन ठेवा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो.

सोमवारी अकराला मी प्राचार्यांकडे जाणार आहे. तिला नेणार नाही, तिने पुन्हा काही सांगायचं नाही. ज्यांची मुलं त्या कॉलेजात आहेत त्यांनी या. बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही नुसते उभे राहा.