उरलेला गॅसचा डबा तिकडेच सोडून या

मे महिना लागला, नागपूर तापलं की ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर प्रश्न येतोच: स्वयंपाकाचा छोटा स्टोव्ह विमानात चालतो का? आणि कोणीतरी हमखास सांगतं, "टाक नं चेक-इनमध्ये, कोण बघते!" मला या उत्तराचा मनापासून राग येतो.

चेक-इनची बॅग जाते आपल्या पायाखालच्या सामानकक्षात. विमान हवेत असताना तिथे कोणी हात घालू शकत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत व्हॅल्यूजेटचं विमान पडलं ते तिथल्याच आगीने. नेऊ नयेत असे ऑक्सिजन जनरेटर (रसायनांतून प्राणवायू तयार करणारी, तापणारी उपकरणं) सामानात चढवले होते. ११० माणसं गेली.

स्टोव्हच्या गॅसचा (ब्यूटेन-प्रोपेनचा) डबा भरलेला असो की तळाला आलेला, हँडबॅगेतही चालत नाही नि चेक-इनमध्येही नाही. डब्यावर फिरवून बसवायचा बर्नर वेगळा. त्यात इंधन साठत नाही. तो स्वच्छ करून चेक-इनमध्ये टाका, पण विमान कंपनीला आधी विचारा. खरी भानगड पेट्रोल-रॉकेलच्या वापरलेल्या स्टोव्हची. आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांप्रमाणे टाकी पूर्ण रिकामी करून किमान १ तास निथळू द्यायची, मग किमान ६ तास झाकण उघडं ठेवायचं, आणि वर कंपनीची मंजुरी. एवढं कशाला? कारण पेटते ती वाफ. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं, आणि आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मे महिन्यात सामानाची ट्रॉली ४५ अंशांत उभी असते!

जाताना बहुतेक जण शहाणपणाने डबा लेह-मनालीतच घेतात. घोळ होतो परतताना. अर्धा डबा उरलेला, टाकवत नाही, म्हणून तो कपड्यांत गुंडाळला जातो. "मग ट्रेनने आणतो" म्हणणाऱ्यांनो, रेल्वेतही गॅस न्यायला बंदीच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली, ९ जण दगावले. देवदर्शनाला निघालेली माणसं होती हो ती.

उरलेला गॅस होमस्टेवाल्याला द्या, वर चढणाऱ्या पुढच्या ग्रुपला द्या, ते आनंदाने घेतात. आणि नागपुरातून ग्रुप नेणाऱ्या सगळ्या दादा-ताईंना हात जोडून विनंती: सामानाच्या यादीत नुसतं "स्टोव्ह" लिहू नका. "बर्नर इथून, गॅस तिकडून, उरलेला तिकडेच" असं लिहा, आणि परतीच्या आदल्या रात्री प्रत्येकाला एकदा विचारा.