बोअरबंदीचा ठराव आणि माझ्या वाट्याचा ऊस

श्रीगोंदा तालुक्यातील आमच्या गावाच्या ग्रामसभेत गेल्या महिन्यात एक ठराव आला होता. दोन वर्षे शेतीसाठी नवीन बोअर घ्यायचा नाही आणि पावसाळा संपला की आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाप्रमाणे गावाच्या पाण्याचा हिशेब मांडून मगच रब्बीची पिके ठरवायची, एवढेच त्यात म्हटले होते. ठराव बारगळला. त्याचे मला दुःख झाले, पण संताप आला तो विरोधकांनी दिलेल्या कारणांचा. पहिले कारण असे की हिवरे बाजारला पोपटराव पवारांसारखे सरपंच होते, आपल्याकडे कोण आहे? दुसरे असे की असली शिस्त परदेशात चालते, आपली माणसे तशी नाहीत. हे दुसरे वाक्य मी डेन्मार्कमध्ये सोळा वर्षे राहून फोनवर ऐकत आलो आहे आणि दर वेळी ते माझ्या जिव्हारी लागते.

मी राहतो ते गाव ऑर्हुसच्या दक्षिणेला आहे. आमच्या घरात फ्येर्नवार्मे, म्हणजे एका मध्यवर्ती बॉयलरमधून नळांनी घरोघर पोचणारी ऊब, येते. ती पुरवणारी संस्था गावकऱ्यांच्याच मालकीची असून बॉयलरमध्ये आसपासच्या शेतांतील गव्हाचा पेंढा जळतो. दर वसंतात शाळेच्या सभागृहात तिची जनरलफोरसामलिंग, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, भरते. यंदाच्या सभेत धुराड्याची गाळणी बदलायची की आणखी दोन वर्षे ओढायची, यावर पाऊण तास वाद झाला. माझ्या शेजारी बसलेला म्हातारा शेतकरी पेंढ्याच्या भावावरून अध्यक्षांशी तावातावाने भांडला आणि मतदानात हरल्यावर उठून सर्वांसाठी कॉफी ओतू लागला. मीही हात वर करून मत दिले. ही माणसे मुळातच शिस्तीची आहेत असे मला या सोळा वर्षांत कधी वाटले नाही. धुराडे आपले आहे आणि त्याचे बिल आपल्याच घरी येणार आहे, हे त्यांना ठाऊक असते, एवढेच.

हौच्या धक्क्यावरून फेरी घेतली की तासाभरात साम्स्यो बेट येते. नव्या बटाट्यांसाठी आणि स्ट्रॉबेरीसाठी ते प्रसिद्ध आहे. वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. १९९७ साली सरकारच्या स्पर्धेत या बेटाची निवड झाली आणि दहा वर्षांत आपली ऊर्जा वारा, पेंढा आणि सूर्य यांतून मिळवायची असे ठरले. त्याच सुमारास बेटावरचा कत्तलखाना बंद पडून अनेकांचा रोजगार गेला होता आणि पवनचक्क्यांबद्दल लोक साशंक होते. सेरेन हर्मनसेन हा तिथल्याच शेतकऱ्याचा मुलगा अनेक वर्षे बैठकांमागून बैठका घेत राहिला. शेवटी जमिनीवर अकरा आणि समुद्रात दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या काही शेतकऱ्यांच्या, काही भागधारकांच्या आणि समुद्रातल्या पाच नगरपालिकेच्या. विजेला सरकारने काही वर्षांसाठी भाव बांधून दिला होता, म्हणून बँकांनी कर्जे दिली. वारा पडला की आजही मुख्य भूमीवरून केबलने वीज येते. स्वावलंबन म्हणजे कुणाकडून काहीच न घेणे, अशी जी समजूत आपल्याकडे भाषणांतून पसरली आहे, ती त्या बेटावर पाय ठेवताच गळून पडते.

आणि हर्मनसेन होता म्हणून साम्स्यो झाले, असे डेन्मार्कमध्ये मला अजून कुणी म्हटलेले नाही. आपल्याकडे मात्र पोपटरावांचे नाव घेऊन लोक स्वतःची सुटका करून घेतात. १९८९च्या सुमारास त्यांच्या हाती गाव आले तेव्हा ते दुष्काळी होते, लोक कामासाठी बाहेर जात होते आणि दारूने घरे पोखरली होती. तिथला पाऊस आमच्या गावापेक्षा जास्त नाही. त्यांनी सरकारी योजना नीट वापरल्या, पाणलोटाची कामे केली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, शेतीसाठी बोअरबंदी हे नियम ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतले आणि पाळले. दरवर्षी पडलेला पाऊस मोजायचा, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणते पीक बसते ते पाहायचे. ऊस आणि केळी या हिशेबात बसत नाहीत, म्हणून ती तिथे लावत नाहीत. हे अंकगणित कुणा एका माणसाच्या पुण्याईवर चालत नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) तर याच्याही पुढे गेले. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्या गोंड गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालते. माझ्या इथल्या सभेत हरलेल्या म्हाताऱ्याने कॉफी ओतली, हे मला आवडले. मेंढ्यात मात्र त्याला हरवून कुणी उठलेच नसते. मग कोणत्या तोंडाने म्हणायचे, की आपली माणसे तशी नाहीत?

सहकार तरी आपल्याला कुणी बाहेरून शिकवायला हवा होता का? डेन्मार्कमधल्या येडिंग गावात तिथली पहिली सहकारी डेअरी १८८२ साली निघाली, याचा इथे सार्थ अभिमान बाळगतात. आमच्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. माझ्या आजोबांचा एका कारखान्याचा शेअर दाखला आईने अजून ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, घडी करून ठेवला आहे.

हे सगळे मी त्या रात्री माझ्या चुलतभावाला फोनवर सांगत होतो. दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "तुझं ते बेट राहू दे बाबा. तुझ्या वाट्याच्या चार एकरांत ऊस उभाय, त्याला दोन बोअर चालत्यात. ठरावाच्या दिवशी तुझा वाटेकरीच सगळ्यात मोठ्यानं बोलला. त्याला काय सांगितलं होतंस तू?"

माझी जमीन वाट्याने कसणाऱ्या त्या माणसाला मी काहीच सांगितले नव्हते. त्यातला दुसरा बोअर चार वर्षांपूर्वी माझ्या पैशाने घेतला, तो दोनशे सत्तर फुटांवर लागला. पाणी लागल्याचा व्हिडिओ वाटेकऱ्याने पाठवला, तेव्हा ऑफिसमधल्या माणसांना मी तो आनंदाने दाखवला होता. उसाचे पैसे दरवर्षी खात्यात येतात आणि त्यांतून आम्ही मुलांना घेऊन गावी जातो. गावातल्या विहिरी मार्चमध्ये आटतात हे मला माहीत होते, पण त्याचा आणि माझ्या चार एकरांचा संबंध मी कधी मनात येऊ दिला नाही. इथल्या बॉयलरच्या गाळणीवर मत देण्यासाठी मी कामावरून लवकर निघतो आणि जिथे माझी जमीन आहे त्या गावाच्या ग्रामसभेत मी आयुष्यात एकदाही बसलेलो नाही. मी गावचा आहे, हे मी इथे सर्वांना सांगतो. गावाला मात्र माझी ओळख आहे ती दोन बोअर आणि वर्षातून एकदा येणारी भाड्याची गाडी, एवढ्यापुरतीच.

तो ठराव दिवाळीनंतर पुन्हा मांडणार आहेत. मी रजा टाकली आहे आणि परवा वाटेकऱ्याला फोन करून खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यांवरचे पुढचे पीक, न ठेवता ऊस मोडू, ज्वारी-हरभरा करू आणि एक बोअर बंद करू असे सुचवले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तुमचं भागतंय हो. मी उसाच्या भरवशावर सोसायटीचं कर्ज उचललं, पोरीचं लग्न धरलंय. ज्वारीत तुमचा वाटा काढून माझ्या हाती काय राहील, ते सांगा." माझा वाटा सोडायला मी तयार आहे, असे मी लगेच म्हणायला हवे होते. त्याऐवजी मी हिशेब करून कळवतो म्हणालो आणि अजून कळवलेले नाही.