पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोहोचत नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘टोकियोहून लॉस एंजेलिसला विमान दहा तासांत जातं, परतीला साडेअकरा-बारा तास लागतात. अंतर तेच, पण पृथ्वी फिरते ना! शिवाय समुद्र टाळायला विमानं उत्तरेला वळसा घालतात. खरा वेळ काढायचा तर अंतराला 900 ने भागा, वरचा वेळ कंपन्यांनी फुगवलेला.’ तास साधारण बरोबर आहेत. कारणं मात्र सगळी चुकली.

आधी पृथ्वी. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. ही दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर, 35 अंशांच्या आसपास. तिथे जमिनीचा वेग ताशी सुमारे 1,370 किलोमीटर, विमानाचा 900. जमीन विमानाखालून सरकत असती तर लॉस एंजेलिस पुढे पळतच राहिलं असतं, विमान कधी पोहोचलंच नसतं. आणि लॉस एंजेलिसवर नुसतं अधांतरी थांबलं तरी सातेक तासांत टोकियो खाली हजर! घडतं नेमकं उलट, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमानही धावपट्टीवर उभं असल्यापासून त्याच वेगात असतं.

फरक पाडतो तो वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहते, हिवाळ्यात जास्तच जोरात. जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. निबंध लिहिला एस्पेरांतो या जगाची सामायिक भाषा म्हणून घडवलेल्या भाषेत, जगाला कळावा म्हणून. जगाने तो वाचलाच नाही. 1944 मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-29 बॉम्बफेकी विमानांची याच वाऱ्यांनी दैना केली. आता, हे वारे पूर्वेकडे वळतात त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढं मेसेजवाल्यांना देऊन टाकू. पण ढकलतो वारा, जमीन नव्हे.

भागाकारही इथेच बसतो. अंतर सुमारे 8,800 किलोमीटर. वारा सरासरी ताशी 75 किलोमीटर धरला तर जाताना वेग 975, येताना 825. म्हणजे नऊ तास आणि दहा तास चाळीस मिनिटं. वेळापत्रकातला वेळ एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं मिळवा, मेसेजमधलेच आकडे येतात. वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात हे खरं, पण दोन तासांचा फरक त्यातून येत नाही.

राहिला वळसा. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा: तो 48 अंशांच्या जवळ चढून खाली येतो. तोच 8,800 किलोमीटरचा रस्ता. सपाट नकाशावर ‘सरळ’ दिसणारा, अक्षांशाला धरून जाणारा रस्ता भरतो सुमारे 9,300. आणि समुद्र टाळण्याचं म्हणाल तर तो दोराही प्रशांत महासागरावरूनच जातो!

गंमत म्हणजे ‘अंतर तेच’ हेसुद्धा दरवेळी खरं नसतं. परतीचं विमान समोरचा वारा चुकवायला कधीकधी आणखी उत्तरेकडून, जास्त किलोमीटर तोडत येतं आणि तरी लवकर पोहोचतं.