दहा मिनिटांच्या व्हिडिओने मूल भाजी खायला लागतं?

पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज साधारण असा असतो: ‘संशोधनाने सिद्ध! मुलांना रोज दहा मिनिटं कुठलाही कुकरी शो दाखवा. जेवताना मोबाईलवर लावला तरी चालेल. मुलं 2.7 पट जास्त भाज्या खातात आणि बघून बघून स्वयंपाकही शिकतात.’ संशोधन खरं आहे. मेसेजमधली चारही विधानं मात्र त्यातून निघत नाहीत.

‘2.7 पट जास्त भाज्या.’ हा अभ्यास नेदरलँड्समधला, 2020 साली प्रसिद्ध झालेला. पाच शाळांतल्या 10 ते 12 वर्षांच्या 125 मुलांना मुलांसाठीच्या पाककृती कार्यक्रमाचा दहा मिनिटांचा भाग दाखवला आणि भाग घेतल्याबद्दल खाऊ निवडायला दिला: सफरचंद किंवा काकडी, नाहीतर चिप्स किंवा खारे प्रेट्झेल. पौष्टिक पदार्थांचा भाग पाहिलेल्या मुलांनी पौष्टिक खाऊ उचलण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या 2.7 पट निघाली. म्हणजे आकडा एका वेळच्या निवडीचा आहे, पोटात गेलेल्या भाजीचा नाही. शिवाय काकडी कुठलंही मूल उचलेल. तायकिळ्याची (टाकळ्याची) कडवट भाजी ताटात वाढून बघा.

‘कुठलाही शो.’ तो दुसरा गट बघत होता त्याच कार्यक्रमाचा अपथ्यकर पदार्थांचा भाग. चीज, मेयोनीज आणि चॉकलेट सॉसच्या व्हिडिओंकडून भाजीची अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं.

‘जेवताना लावा.’ हे तर उलटंच. प्रयोगात खाऊ मिळाला तो कार्यक्रम संपल्यावर. डोळे पडद्यावर असले की किती खाल्लं आणि कशी चव लागली, दोन्हीकडे लक्ष राहत नाही. नवी चव अंगवळणी पडायला ती साधारण 8 ते 15 वेळा जिभेवर यावी लागते. चमचाभर पुरे, जबरदस्ती नको. गोव्यात हे काम श्रावण बरं करतो: नुस्तं (मासळी) बंद आणि त्याच त्या पालेभाज्या पुन्हा पुन्हा पानात. खतखतं, म्हणजे गोव्याची मिश्र भाज्यांची आमटी, यासाठी सोयीचं नाही. पाच-सहा भाज्या एकत्र आल्या की मुलाला एकीचीही वेगळी ओळख होत नाही.

बघण्यापेक्षा हात लावण्याचा परिणाम जास्त ठोस दिसतो, पण त्यालाही दुसरी बाजू आहे. स्वित्झर्लंडमधल्या 2014 च्या एका छोट्या प्रयोगात 6 ते 10 वर्षांच्या 47 मुलांपैकी ज्यांनी रांधायला मदत केली, त्यांनी सॅलड सुमारे 76 टक्के जास्त खाल्लं. चिकनही जास्त खाल्लं आणि एकूण उष्मांक सुमारे 24 टक्क्यांनी वाढले. वजन उतरवण्यासाठी मुलाला स्वयंपाकघरात नेणार असाल, तर हे आधी वाचा.

‘बघून स्वयंपाक येतो.’ तांबड्या भाजीचंच (लाल माठाचंच) घ्या. व्हिडिओत भाजी धुतलेली, चिरलेली, वाटीत तयार. खरं काम त्याआधीचं. रुंद टोपात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवायची, माती तळाशी बसू द्यायची आणि पानं वर उचलून घ्यायची, असं तीनदा. पाण्यासकट चाळणीत ओतली की तीच माती परत पानांवर बसते आणि दाताखाली कचकच लागते. दोन जुड्यांना एक कांदा, दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या, दोन चमचे तेल, शेवटी मूठभर ओलं खोबरं. वेगळं पाणी घालायचं नाही, पानांचं सुटतं तेवढं पुरतं. घातलंत तर रंग त्यात उतरतो आणि भाजी फिकट होते. मीठ सगळ्यात शेवटी, कारण कढईभर पाला शिजून मूठभर होतो. नवशिका हमखास ढीग बघून मीठ टाकतो, भाजी खारट होते आणि ‘आपण केलेली’ म्हणून चाखायला आलेलं मूल पहिल्याच घासाला मागे फिरतं.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला पानं खुडू द्या, धुऊ द्या. आठ-नऊच्या पुढे लहान सुरी, चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं म्हणजे पाट सरकत नाही, भाजी धरलेल्या हाताची बोटं आत वळवलेली. कढईजवळ मोठं माणूस हवंच. मिरची चिरायचं काम मोठ्यांकडे ठेवा. तिचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, आधी तेल चोळून मग साबण लावावा लागतो, आणि मुलांचा हात तोवर डोळ्याला गेलेला असतो.