चोर, कुरिअरवाला आणि अकरा झाडं

आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी मी वीस मिनिटांची एक नाटिका लिहिली. पात्रं दोन. रात्री एका फ्लॅटमध्ये चोर शिरतो, कपाट उघडतो, तर आत नुसत्या गृहकर्जाच्या हप्त्यांच्या पावत्या. आजोबा जागे होतात, दोघं चहा पितात आणि जाताना चोरच आजोबांच्या हातावर पन्नासची नोट ठेवतो. मी ती एका बैठकीत लिहिली. मग ती कमिटीच्या बैठकीत गेली.

कमिटीला ती फार आवडली. तिथंच घात झाला. नावडली असती तर मी सुटलो असतो. आवडलेल्या गोष्टीला मात्र प्रत्येकाला आपला हात लावायचा असतो.

सेक्रेटरी म्हणाले, "झकास! फक्त तो चोर तेवढा नको. आपल्याकडं चोर शिरतात असं बाहेर गेलं तर फ्लॅटचे भाव पडतील." चोराचा कुरिअरवाला झाला. कुरिअरवाला रात्री दोन वाजता कशाला येईल, असं मी विचारलं. ते तुम्ही लेखक आहात, तुम्ही बघा, असं ठरलं. खजिनदारांनी एवढंच सुचवलं, की आजोबांनी एकदा सहज शुगर तपासून घेण्याचा विषय काढावा, कारण मांडवाचा खर्च कोपऱ्यावरची पॅथॉलॉजी लॅब करणार होती. बी विंगच्या काकूंनी सामाजिक संदेशाची आठवण केली. तेव्हा ओला कचरा, सुका कचरा आला. शेवटी कुणीतरी मुद्द्याचं बोललं : सोसायटीत तेरा मुलं आहेत आणि पात्रं दोनच? उरलेल्या अकरा मुलांची झाडं झाली. आईवडिलांना स्टेजवरचा फोटो मिळाला की झालं, झाडाला पाठांतर लागत नाही.

चौथ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा म्हणाला, "काका, आपण ब्रेनस्टॉर्मिंग करू. कुठलीच कल्पना वाईट नसते." ही पद्धत अॅलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्यानं लोकप्रिय केली. पुढं १९५८ मध्ये येल विद्यापीठात ती तपासली, तर चौघांना एकत्र बसवून निघाल्या त्याच्या जवळपास दुप्पट कल्पना चार जणांनी वेगवेगळं बसून काढल्या. नंतरच्या संशोधकांनी कारणही सांगितलं : एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता डोक्यातलं विरून जातं. आमच्याकडं ते वडे येईपर्यंत विरत होतं. मग वडे आले आणि उरलेलंही विरलं.

अध्यक्षांनी समारोपात लोकमान्यांपासून गणेशोत्सवात पदं गाणाऱ्या मेळ्यांपर्यंत सगळं घेतलं. मेळ्यांतून केवढे कलावंत घडले म्हणाले, आणि ते खरंच आहे. मेळ्यांच्या पदांवर इंग्रज सरकारनं बंदीही घातली होती. पण पदात झाडं घाला, असं काही त्या सरकारनं सांगितलं नव्हतं.

तालमींना मी जाईनासा झालो. एकदा गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो, तर पाण्याच्या टाकीमागं चोर आणि आजोबा होणारी दोन पोरं माझी पहिली संहिताच करत होती. मोठं माणूस एकही नाही. सूचक नाही, अनुमोदक नाही. एक म्हणे, "चोर आत येताना चपला बाहेर काढेल." दुसरा म्हणे, "आणि मग जाताना आजोबांच्याच घालेल." आजोबांची कवळी ग्लासात ठेवलेली असते आणि चोर त्याच ग्लासातलं पाणी पितो, हे तर त्यांनी माझ्यादेखत शोधलं. माझ्या संहितेत यातलं काहीच नव्हतं. मला जरा लागलं. मग मीही टाकीला टेकून बसलो आणि एक वाक्य सुचवलं. "नको काका, लांबतंय," म्हणाले. बरोबर होतं त्यांचं.

कार्यक्रमाच्या दिवशी अकरा झाडं उभी राहिली, कुरिअरवाल्यानं कचरा वेगळा केला, आजोबांची शुगर निघाली. तेवढ्यात माइक बंद पडला. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत लोक उठायला लागले, तशी त्या दोघांनी पुढं येऊन, घसा ताणून, टाकीमागचंच सुरू केलं. कवळीला मांडव एवढा हसला की एक झाड स्टेजवरून पडलं.

पुढच्या बैठकीत "समितीच्या अथक परिश्रमांतून साकारलेल्या नाटिकेबद्दल" अभिनंदनाचा ठराव झाला. सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं.

"चोर सगळ्यांना फार आवडला हो! पुढच्या वर्षी झाडं नकोत. अकरा चोर घ्या."