जेवायला बोलावलंय, वरातीला नाही

गुहागर असो की वेंगुर्ले, चार मित्र जेवायला जमले की कुणीतरी म्हणतोच, "जरा गाणी लाव रे!" आणि स्पीकर येतो तो थेट ताटांमध्ये, सोलकढीच्या वाटीला खेटून. शेजारचा बहिरा होतो, पडवीच्या टोकाचा म्हणतो "वाढव जरा". अरे, एका मोठ्याऐवजी दोन छोटे घ्या, दोन कोपऱ्यांत, डोक्याच्या वर, तोंड भिंतीकडे. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं. गाणं त्याहून 10 तरी खाली हवं. वर गेलं की माणसं ओरडून बोलतात, मग यजमान आवाज आणखी वाढवतो!

शब्दांची गाणी तर नकोतच. ओळखीचा मुखडा आला की अर्धी पंगत गुणगुणते आणि तळलेली सुरमई गार होते. संतूर लावा, बासरी लावा, मध्यलयीतलं. पण शफलवर नाही, संथ आलाप संपतो न संपतो तोच 'झाला', म्हणजे वादनातला शेवटचा सुसाट भाग, कानावर आदळतो. दोन-अडीच तासांची यादी आधीच डाउनलोड करा, कारण वीज गेली की वायफाय गेलं, आणि फुकट ॲपवर मधेच जाहिरात किंचाळते. फोन एअरप्लेन मोडवर, फक्त ब्लूटूथ चालू. नाहीतर रिंगटोन अख्ख्या वाडीला.

पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळत असेल तर बंदच ठेवा. तेव्हा वाढवलेला आवाज सर ओसरल्यावर भसकन अंगावर येतो. आणि अंगणात रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, हे शेजारच्या काकांनी येऊन सांगायची वाट कशाला बघता?