सरचार्ज भरूनही जीपीच्या दाराबाहेर

आज सकाळी इथे इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला गेले, तर काचेपलीकडच्या बाईंनी माझा पासपोर्ट उघडूनही न बघता पत्त्याचा पुरावा मागितला. भाडेकरार पुढे केला, तर त्यावर फक्त नवऱ्याचे नाव आहे म्हणून त्यांनी तो दोन बोटांनी खाचेतून परत सरकवला. वीजबिल आणायचे तर ते घरमालकाच्या नावावर येते, बँकेचे स्टेटमेंट आणायचे तर बँकही खाते उघडण्याआधी पत्त्याचाच पुरावा मागते. इंग्लंडमध्ये जीपीकडे नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाची कागदपत्रे लागत नाहीत, असे एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, संकेतस्थळावर स्वच्छ लिहिलेले आहे. ते पान मी फोनवर उघडून काचेला लावले. त्यांनी नजरही न टाकता "आमच्याकडे अशीच पद्धत आहे" असे सांगून मागच्या माणसाला पुढे बोलावले. नोंदणी नाकारली तर 14 दिवसांत लेखी कारण द्यावे लागते, ते द्या म्हटल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला आणि सगळी रांग माझ्याकडे बघू लागली.

माझ्या थायरॉईडच्या गोळ्या संपत आल्या आहेत आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय त्या इथे मिळत नाहीत. हा माणसाच्या तब्येतीचा प्रश्न आहे, हे त्या काचेमागे कुणाला कळत कसे नाही?

शिवाय मी काही फुकट मागत नाही. व्हिसा घेताना एनएचएसच्या सेवेसाठी भरावा लागणारा, 2015 मध्ये वर्षाला 200 पौंडांनी सुरू झालेला हेल्थ सरचार्ज फेब्रुवारी 2024 पासून 1,035 पौंड झाला आहे आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा तो अर्जासोबतच एकरकमी भरून घेतात, म्हणजे तीन वर्षांच्या व्हिसासाठी माणशी 3,105 पौंड, तेही देशात पाऊल ठेवण्याआधी. पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी) कापला जातो तो वेगळाच. हे पैसे घेताना माझ्या नावाचे वीजबिल कुणी मागितले नव्हते. एवढे भरूनही दातांच्या उपचारांचे शुल्क वेगळे द्यावे लागते, आणि ते द्यायला तयार असले तरी एनएचएसचे नवे प्रौढ पेशंट घेणारा डेंटिस्ट मला अजून सापडलेला नाही. नोंदणी झालेल्या मैत्रिणी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून बसतात आणि लाइन लागेपर्यंत त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपलेल्या असतात, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे तेही मला दिसते आहे.

इथल्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, म्हणजे भागातली एनएचएस सेवा बघणाऱ्या मंडळाकडे, आज रात्रीच लेखी तक्रार पाठवते आहे आणि नोंदणी होईपर्यंत मी गप्प बसणार नाही.